उभ्यानं खायची जागा

सुलतान बाजारातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी नरहर सकाळी साडेसहाला पोचला तेव्हा समाधान भोजनालयाची बाकं बंडीवर चढवणं चाललं होतं. चार बाकं आधीच चढली होती, पालथी, पाय वर करून, आणि पाचवं दोन माणसं दारातून तिरकं करून काढत होती. त्याला वाटलं, रंधा मारायला न्यायलेत. दर दोन वर्षांनी दिवाळी झाली की ती सुताराकडं जातच असत. पण मग आतले पाट आले. एकावर एक रचलेले, सुतळीनं बांधलेले बावीस पाट. पाट कधी सुताराकडं जात नसत. "कुठं नेताय?" त्यानं विचारलं. बंडीवाला सुतळी आवळत म्हणाला, "जुम्मेरात बाजार ले जारूं चाचा. सब बेच दिये सेठ. जरा हटो." नरहर हटला नाही. हटायचं नाही असं काही त्यानं ठरवलं नव्हतं, पाय उचललाच गेला नाही. पाचव्या बाकाचं टोक त्याच्या कमरेला लागलं. जोरात नाही, पण जिथं लागू नये तिथं लागलं. सव्वीस वर्षं ज्या कमरेत वाकून त्यानं लोकांना वाढलं होतं, तिथंच. कळ मानेपर्यंत चढली आणि तिच्याबरोबर राग चढला. कळ पाच मिनिटांत गेली, राग तसाच राहिला.

आत भिंती धुतलेल्या होत्या. बाकांच्या जागी छातीइतक्या उंच लोखंडी पायांवर संगमरवराचे गोल तुकडे बसवले होते, सात. दाराजवळ लाकडी पिंजऱ्यासारखी खिडकी, आणि मागच्या भिंतीला मोठं भोक पाडून तिथं जस्ताचा पत्रा मारलेला ओटा. गणेश मनगटावरचं घड्याळ बघत उभा होता. हा गणेश म्हणजे प्रभाकरपंतांचा मुलगा. प्रभाकरपंत तीन वर्षांपूर्वी गेले आणि खानावळ त्याच्याकडं आली. त्याला नरहरनं मांडीवर घेऊन दहीभात भरवला होता. आता तो मद्रासला जाऊन आला होता, तिथं काहीतरी बघून आला होता. "काका, बघा," तो म्हणाला, "माणूस आत आला. खिडकीवर बिल्ला घेतला. ओट्यावर बिल्ला दिला, प्लेट घेतली. इथं उभं राहून खाल्लं. गेला. किती मिनिटं?" गणेशनं घड्याळावर बोट टेकवलं. "सहा. आपली पंगत उठायला पाऊण तास लागत होता. आणि बसवायची कुणाची पंगत? आपली माणसं राहिलीत का इथं?" हे खरं होतं आणि खरं होतं म्हणून नरहरला ते त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मागच्या वर्षी नोव्हेंबरात हैदराबादचं राज्य मोडलं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, त्यांच्याबरोबर मराठी कारकून गेले, पेशकार गेले, शाळा तपासनीस गेले. पंधरा दिवस नरहर रोज काचीगुड्याच्या स्टेशनावर कुणाला ना कुणाला पोचवायला जात होता, दशम्यांची पुडकी घेऊन. पंचेचाळीस पानांची खानावळ सतरा पानांवर आली. आणि आंध्रची राजधानी कर्नूलहून इथं हलली तसे तिथले तेलुगू कारकून आले, त्यांना दहाच्या आत कचेरी गाठायची होती, त्यांना वरण-भात-तूप-लिंबू नको होतं. त्यांना इडली पाहिजे होती आणि ती लगेच पाहिजे होती.

"आणि मी?" नरहरनं विचारलं.

"तुम्हाला कुठं काढलंय काका? तुम्ही प्लेटा उचलायच्या. लोक खाऊन गेले की प्लेट मागं न्यायची, टेबलावर फडकं मारायचं. बसून करण्यासारखंच काम आहे म्हणा ना." आणि तो हसला, कारण बसायला त्या जागेत काहीच उरलं नव्हतं. ते हसणं नरहरच्या डोक्यात जाऊन बसलं. तुम्हाला कुठं काढलंय. म्हणजे काढता आलं असतं, काढलं नाही, हे लक्षात ठेवा. प्लेटा उचलायच्या. उष्टं तो आधीही काढत होताच, पण वाढण्याच्या शेवटी, वाढणाऱ्याच्या हातानं. ज्यानं वाढलं त्यानंच काढलं तर त्यात कमीपणा नसतो. नुसतंच काढायचं म्हणजे काय? त्याला वाटलं, सांगावं या पोराला, वाढणं म्हणजे काय असतं. पोळी मोडण्यावरून माणूस कळतो. पाटावर बसताना जो आधी पाण्याचा गडू जवळ ओढतो तो घाईत आहे, त्याला भात आधी घालायचा. ज्याची बायको माहेरी गेली त्याला तिसऱ्या दिवसापासून कोशिंबीर जास्त लागते. तहसील कचेरीतला एक म्हातारा कारकून कधी मागायचा नाही, नको नको म्हणत हात पानावर आडवा धरायचा, आणि त्याच्या बोटांच्या फटीतून नरहर भात घालायचा, कारण त्याचं नको आणि दुसऱ्याचं नको यात फरक होता आणि तो फरक ओळखणं हेच काम होतं. हे सगळं तो गणेशला सांगणार होता. पण गणेश पुन्हा घड्याळाकडं बघत आतल्या आचाऱ्याला ओरडला, "एक पळी म्हणजे एक पळी! चटणी अंदाजानं नाही घालायची. इथं खाल्ली काय, उद्या नामपल्लीला दुकान काढू तिथं खाल्ली काय, फरक पडता कामा नये." नरहरनं खुंटीला अडकवलेला स्वतःचा पंचा घेतला आणि त्याचं फडकं झालं.

नारायणगुड्याच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा त्याची बायको गंगू नेहमीपेक्षा गप्प होती आणि मुलगी निर्मला नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. निर्मला एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. तेलुगू बोलायची, उर्दू वाचायची, मराठीचं पत्र मात्र अडखळत लिहायची. "अण्णा, रागवू नका," ती म्हणाली, आणि त्याला कळलं की रागवण्यासारखंच काहीतरी आहे. "ती खिडकी आहे ना बिल्ल्यांची. गणेशदादांनी मला विचारलं. मी हौ म्हटलं." नरहरचा घास हातातच राहिला. "कधी विचारलं?" "मागच्या आठवड्यात." म्हणजे बाकं जाणार हे तिला माहीत होतं. गंगूला माहीत होतं. एका आठवड्यापासून या घरात दोन बायका त्याला रोज वाढत होत्या आणि त्यांना माहीत होतं की आता तो वाढणार नाही. "सांगितलं का नाही?" "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" निर्मलानं विचारलं. तिनं ते चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. नरहरनं दुसरंच काढलं. "चारचौघांत बसून बिल्ले वाटणार तू? येणारा जाणारा बघणार." "कुणी बघत नाही अण्णा. तिथं लोक खायला येतात. बिल्ला घेतात आणि जातात. मला तेच आवडतं." गंगू म्हणाली, "भात गार होऊलालाय." नरहरनं ताट पुढं सारलं आणि उठला. भरल्या ताटावरून उठलेला माणूस त्याला आयुष्यभर आवडला नव्हता. असा माणूस पंगतीत असला की तो मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचा. आता स्वतः तेच केलं म्हणून त्याचा राग आणखी वाढला, आणि अंगणातल्या नळावर हात धुताना त्यानं नळ इतका आवळला की सकाळी शेजाऱ्याला तो उघडेना.

निर्मला म्हणाली होती ते खरं निघालं. कुणी बघत नव्हतं. पहिल्या दिवशी नरहरला हेच सहन झालं नाही. माणसं येत, उभ्या उभ्या इडलीचा तुकडा चटणीत बुडवत, एका हातात छत्री किंवा फाइल धरून, डोळे रस्त्यावर. तोंड चालू आणि मन कचेरीत. "रेंडु इडली, ओक वडा," आत ओट्यावर आवाज जाई आणि प्लेट येई, आणि प्लेट देणाऱ्याचं तोंड कसं आहे हे घेणाऱ्यानं पाहिलेलं नसे. नरहर मध्ये शिरून प्लेट उचलायचा तेव्हा लोक कोपर जरासं वर करत, माशी आल्यासारखं. त्याची कमर इतक्या वर्षांत अशी झाली होती की तो पूर्ण ताठ उभा राहत नसे. उंच टेबलांच्या त्या जंगलात त्याचं डोकं बरोबर लोकांच्या प्लेटांच्या पातळीला यायचं. वाकून वाढताना तो वाकलेला दिसत नव्हता, कारण जेवणारे खाली बसलेले असत. त्यांच्यापेक्षा तो तेव्हा उंच होता. बाकं गेली आणि तो एका दिवसात म्हातारा झाला, बुटका झाला. हे त्याला तिसऱ्या दिवशी समोरच्या सराफाच्या आरशात दिसलं, आणि त्या आरशावर, सराफावर, त्यात खिडकीत बसून हसत कुणाला तरी मोड परत देणाऱ्या निर्मलावर, सगळ्यांवर तो सारखाच चिडला. चिडून तो प्लेटा लवकर उचलायला लागला. गणेशला वाटलं, काका कामाला लागले. कामाबिमाचं काही नव्हतं त्यात. लोकांना घाई होती ना, मग घ्या घाई. शेवटचा घास तोंडात जायच्या आत तो प्लेट ओढायचा, टेबलावर फडकं असं मारायचा की पाणी लोकांच्या बाह्यांवर उडावं. एकानं "एमिटय्या इदि!" म्हणून डोळे वटारले. नरहरला बरं वाटलं. निदान त्यानं बघितलं तरी.

असाच एके दिवशी, पावणेदहाच्या गर्दीत, भिंतीकडच्या टेबलावरची प्लेट त्यानं धरली आणि ओढली, आणि ती आली नाही. प्लेटीच्या दुसऱ्या काठावर एक हात होता. चार बोटं, काळी, स्वच्छ, नखं कापलेली. अर्धा वडा प्लेटीत होता. "माझं व्हायचंय अजून," तो माणूस मराठीत म्हणाला. पस्तिशीच्या आतबाहेरचा, बंद गळ्याचा कोट घातलेला. नरहरनं प्लेट सोडली नाही. का सोडली नाही हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. हात चिकटला होता. तो माणूस मग हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं बोलला. "एकदा उचललंत. पुन्हा नाही."

 नरहरनं प्लेट सोडली. वर बघितलं. चेहरा ओळखीचा नव्हता. चेहरा त्यानं तेव्हाही बघितला नव्हता, कानच बघितला होता. तेरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. निजामाचं राज्य, रजाकारांचा धुमाकूळ अजून दूर होता, परीक्षेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं आली होती आणि खानावळीत बसायला जागा नव्हती. आत पाटावर ब्राह्मणांची पंगत, बाहेर बाकांवर बाकीचे, मराठे, लिंगायत, कोमटी. ही वाटणी कुठं लिहिलेली नव्हती. नरहर दारात उभा राहायचा आणि नावावरून, बोलण्यावरून, धोतराच्या काठावरून माणूस आत जाईल की बाकावर बसेल हे त्याला कळायचं. त्यालाच तो माणसं ओळखणं म्हणायचा. तो मुलगा विशीचा होता, बाकावर बसला होता, वरण-भात कालवून दोन घास खाल्ले होते. समोरच्या बाकावरचा एकजण ताटावरून उठून प्रभाकरपंतांच्या गल्ल्याजवळ गेला आणि म्हणाला, "तो पोरगा आमच्या तालुक्यातला आहे. महारवाड्यातला."  प्रभाकरपंतांनी फक्त नरहरकडं बघितलं. नरहर बाकाजवळ गेला, वाकला, त्या मुलाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "उठा." इतकं हळू म्हणाला की शेजारच्यालासुद्धा ऐकू गेलं नाही, आणि त्या वेळी त्याला वाटलं होतं की आपण मुलावर उपकार केले, चारचौघांत लाज राखली. आणि ताट उचललं. कालवलेल्या भातात त्या मुलाची बोटं होती. ताट गेलं आणि हात तसाच हवेत राहिला, पाची बोटांना वरण लागलेलं. हात धुवायलासुद्धा त्याला कुणी पाणी दिलं नाही. तो तसाच, उजवा हात अंगापासून लांब धरून गल्लीतून गेला, आणि लोक त्या हाताकडं बघत होते.

त्या दिवशी उरलेला वेळ नरहर रागात होता, आणि राग कुणावर हे ठरत नव्हतं. आधी त्या माणसावर. तेरा वर्षं लक्षात ठेवून कोट घालून आला. काय पाहिजे त्याला? मग प्रभाकरपंतांवर. नुसतं बघायचे, तोंड विटाळायचे नाहीत, बोलायचं नरहरनं. मी सांगितलेलं केलं. पण सांगितलं कुठं होतं? फक्त बघितलं होतं. मी त्या वेळी न समजल्यासारखं केलं असतं तर? आमटीचं भांडं घेऊन आत निघून गेलो असतो तर? प्रभाकरपंत दुसऱ्यांदा बघायला धजले नसते, कारण ते भित्रे होते, हे मला माहीत होतं. इथं पोचलं की तो विचार मागं वळायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून, त्या माणसाच्या कोटापासून सुरू व्हायचा.

घरी जाताना काचीगुड्याच्या चौकात निर्मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्या सोनकांबळ्यांची प्लेट का ओढलीत?" "तू ओळखतेस?" "रोज येतात. लक्ष्मणराव सोनकांबळे. हिशेब तपासणीच्या कचेरीत आहेत. सगळे मराठी गेले, यांनी बदली मुद्दाम थांबवून घेतली होती म्हणे. आता नांदेडला जायचा हुकूम आलाय." मग चौक ओलांडताना, "ते एकटेच बिल्ला घेताना नमस्कार म्हणतात." नरहर बोलायला लागला. ठरवून नव्हे. त्यानं सगळं सांगितलं, उन्हाळा, बाक, कान, हात. सांगताना दोनदा म्हणाला, "तेव्हा तशीच रीत होती." निर्मला चालत राहिली. ती रडेल, ओरडेल, निदान अण्णा असं कसं म्हणेल, असं त्याला वाटलं होतं आणि त्याची त्यानं तयारी ठेवली होती. तिनं विचारलं, "मग त्या ताटाचं काय केलं?" "टाकून दिलं." "जेवण की ताट?" नरहर थांबला. "ताट," तो म्हणाला. "जेवणासकट. प्रभाकरपंतांनी सांगितलं... नाही, मीच. मागच्या नाल्यात." पुढच्या सगळ्या रस्त्यात ती त्याच्या दोन पावलं पुढं चालली. घरात शिरताना तिनं आईला हाक मारली ती तेलुगूत. गंगूला तेलुगू फारसं कळत नसे. पण नरहरला कळलं की आज तिला त्याच्या भाषेत बोलायचं नाही.

चार दिवस तो लक्ष्मणरावांच्या टेबलाकडं गेला नाही. ते खाऊन, प्लेट स्वतः उचलून ओट्याच्या कडेला ठेवून जात. पाचव्या दिवशी शनिवार होता. नरहर रात्रभर उलटसुलट करून आला होता, आणि त्याला वाटत होतं की जे ठरवलंय ते मोठं आहे, आजवर त्याच्या घराण्यात कुणी केलं नाही असं. तो टेबलाशी गेला, फडकं खांद्यावर टाकलं. "लक्ष्मणराव," त्यानं हाक मारली. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. "उद्या घरी या जेवायला. नारायणगुड्याला. पाट मांडतो. माझ्या शेजारी. मी स्वतः वाढतो तुम्हाला."

लक्ष्मणरावांनी चटणीचा हात रुमालाला पुसला. सावकाश पुसला, प्रत्येक बोट वेगळं. "काका, तुम्हाला वाढायचंय," ते म्हणाले. "मला जेवायचं नाही."

"तसं नाही, मी मनापासून..."

"मनापासूनच म्हणताय. ते दिसतंय." त्यांचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर नरहरला सोपं गेलं असतं. "मी त्या दिवसानंतर कुणाच्या पंगतीत बसलो नाही. लग्नांत नाही, आमच्या माणसांच्यासुद्धा नाही. माझ्या लग्नात मी उभा होतो, वाढत होतो. बायको हसते. बसलं की मला कानाशी तो शब्द ऐकू येतो. पाठीमागून कुणीतरी वाकायलंय असं वाटतं." त्यांनी रुमालाची घडी केली. "मुंबईला नोकरी मिळत होती, इथंच राहिलो, पण या गल्लीत तेरा वर्षं आलो नाही. मग ऐकलं, बाकं गेली. बघायला आलो, आणि येत राहिलो. इथली इडली मला फार आवडते असं नाही. बसलेल्यालाच उठवता येतं काका. उभ्या माणसाला कोण उठवणार?" त्यांनी प्लेट उचलली, ओट्याशी ठेवली, खिडकीशी थांबून निर्मलाला नमस्कार केला आणि गेले. सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी निर्मला म्हणाली, "नांदेडला गेले." एवढंच म्हणाली.

नरहरला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही असं नाही, पण लाजेच्या वर राग होता, दुधावर साय धरावी तसा. त्यानं पाट देऊ केला होता आणि तो घेतला गेला नाही. आपल्याजवळ देण्यासारखं जे एकच होतं, बसवणं आणि वाढणं, त्याचा त्या माणसाला तिटकारा होता, आणि तो तिटकारा नरहरनंच एका दुपारी, एका शब्दात त्याच्या अंगात घातला होता. सव्वीस वर्षांत किती हजार माणसं आपल्या हातची तृप्त होऊन उठली असतील. त्यातली कितीजण दारातूनच परत गेली, कारण आपण दारात उभे होतो? ती त्यानं कधी धरलीच नव्हती. बाकं गेली म्हणून तो दोन महिने सुतकात असल्यासारखा वावरत होता. आणि शहरात कुठंतरी माणसं हे ऐकून मोकळी झाली होती.

जानेवारीत गणेशनं त्याला वर बोलावलं. वरच्या मजल्यावर प्रभाकरपंतांची निजायची खोली होती, ती रिकामी केली होती. चार टेबलं, सोळा खुर्च्या, खिडक्यांना पडदे. गणेश खूश होता. नामपल्लीची जागा ठरली होती, सिकंदराबादची बोलणी चालली होती, तीच इडली, तीच पळी. "काका, तुमच्यासाठी चांगली बातमी," तो म्हणाला. "खाली आहे तसंच चालू दे, गर्दीचं. वर फॅमिली रूम. चांगली माणसं, बायकामुलं घेऊन येणारी. त्यांना खाली कुणाच्याही खांद्याला खांदा लावून उभं राहायला नको वाटतं, तसं म्हणालेत मला काहीजण. वर बसून खातील, ताटात. आणि वाढायला तुम्ही. तुम्हाला तेच पाहिजे होतं ना?" नरहर खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता. नवी खुर्ची, गुळगुळीत. एक क्षण, खोटं कशाला बोला, एक क्षण त्याच्या हातांना वाढणीचा डाव आठवला आणि छाती भरून आली. मग गणेश जरा जवळ आला. "आणि एक. जिन्याखाली तुम्ही उभं राहायचं, गर्दीच्या वेळी. कुणाला वर सोडायचं ते तुम्ही बघा. बोर्ड लावता येत नाही, कायदा झालाय. कुणाला नाही म्हणायचं नाही. वर जागा नाही म्हणायचं, बास. तुम्हाला माणसं बरोबर ओळखू येतात. बाबा नेहमी म्हणायचे, नरहर दारात असला की मला बघावं लागत नाही."

"बघावं लागत नाही," नरहर म्हणाला.

"हौ ना."

"तुझा बाप बघत होता. नुसतंच बघत होता, हरामखोर."

गणेशचं तोंड उघडं राहिलं. नरहर जिना उतरला. कमरेमुळं तो एकेक पायरी उतरायचा, आज दोन दोन उतरला. खाली गर्दी होती, सातही टेबलं भरलेली. मधल्या टेबलाशी उभं राहून तो ओरडला. "ऐका! वर खुर्च्या मांडल्यात! तुमच्यातल्या कुणी वर बसायचं आणि कुणी नाही, हे मी ठरवायचं म्हणे! याच दारात मी माणसं निवडलीत! जेवत्या माणसाला उठवलंय मी, ताट नाल्यात टाकलंय!" त्याचा आवाज फाटला. तो मराठीत ओरडत होता, आणि त्या खोलीत मराठी कळणारे आता तीन-चारच होते. एकजण चावता चावता थांबला. दुसऱ्यानं शेजाऱ्याला काय झालं म्हणून विचारलं, "एमैंदी?" शेजारी म्हणाला, "एमो," कोण जाणे, आणि घड्याळ बघितलं. ओट्यावरून प्लेटा येत राहिल्या. जिन्यावरून गणेश दबक्या आवाजात म्हणाला, "काका, लोक खाऊलालेत. तमाशा नका करू. घरी जा आज." इतक्या वर्षांनी त्यानं जे तोंडातून काढलं ते सांबाराच्या वाफेत गेलं. लोकांना सहा मिनिटं होती आणि त्यातलं एकही त्याच्यासाठी नव्हतं.

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली आणि जिन्याच्या कठड्यावर, गणेशच्या हाताजवळ ठेवलं. "उद्यापासून येणार नाही," तो म्हणाला. "आज मात्र खाऊन जातो." आणि दाराबाहेर जाऊन रांगेत उभा राहिला. पुढं आठजण होते. आपल्या आयुष्यात तो कधी रांगेत उभा राहून जेवला नव्हता, आणि उभं राहून तर कधीच नाही. वाढपी सगळ्यांच्या मागून जेवतो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, एकटा. खिडकीशी पोचला तेव्हा निर्मलानं वर बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं, तिला सगळं कळलंही होतं. तिचे डोळे लाल होते. "किती?" तिनं विचारलं. मराठीत विचारलं. "दोन इडल्या." तिनं बिल्ला पुढं सारला, मागं दहाजण होते.

प्लेट घेऊन तो भिंतीकडच्या टेबलाशी गेला. तिथं दोघं होते, एक कोट घातलेला, एक बंडीवाला असावा, मुंडाशाचा. त्यांनी न बघता कोपरं आवळून जागा केली. नरहरनं त्यांचं नाव विचारलं नाही. तोंडाशी आलं होतं, सवय होती, गाव कुठलं, आडनाव काय. ते गिळलं आणि इडली मोडली. टेबल त्याच्यासाठी फार उंच होतं, हनुवटीपाशी प्लेट येत होती. बंडीवाल्याचा घामट दंड त्याच्या दंडाला चिकटला, अंग आपोआप आकसलं, आणि त्या आकसण्याचा त्याला इतका संताप आला की त्यानं मुद्दाम दंड तिथंच ठेवला, दाबून ठेवला. इडली गरम होती, मऊ होती. चटणी मोजून एक पळी घातलेली, मीठ बरोबर. चांगली होती. त्यावरही तो चिडला, चिडून घास घेत राहिला. कोटवाला खाऊन निघून गेला, त्याची प्लेट टेबलावर राहिली, काठाला चटणी लागलेली. नरहरचा हात तिच्याकडं गेला. त्यानं तो परत आणला, आपल्या प्लेटीतली दुसरी इडली मोडली आणि उभ्यानं, सावकाश, सहा मिनिटं होऊन गेली तरी, खात राहिला.